टोमॅटोचा चातुर्मास

आषाढ शुद्ध नवमी, शके १८७६. मुलुंड.

आज कांदेनवमी. नंदूने भजी अशी खाल्ली, जसं काही उद्या त्याला अंदमानला धाडणार आहेत. दोनदा विचारून घेतलं, "आई, एकादशीला अजून अवकाश आहे ना गं?" म्हटलं, एकादशीला आहे, भज्यांना नाही, पीठ संपलं. एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कांदा, लसूण नि वांगं आमचा उंबरा चढत नाही. माझ्या सासूबाईंनी पाळलं, मी पाळते, पुढे उत्तरा पाळेल. उत्तरा माझी सून. इंटर सायन्सपर्यंत शिकली आहे, तरी गुणी. लसणीच्या चटणीची बरणी घासायला टाकण्याआधी तिने तळाशी बोट फिरवून चाटलं, ते मला दिसलं. दिसलं नाही असं केलं. सणाचा दिवस.

संध्याकाळी सोसायटीची सभा झाली. आमच्या बिल्डिंगचं नाव आनंदवाटिका. वाटिका म्हणजे मागे मोरीच्या पाण्यावर पोसलेलं अळू, आणि आनंद म्हणजे नळाला पाणी आलं तर. त्या मागच्या तुकड्यावर कोबा घालून बॅडमिंटनचं मैदान करावं, असं सेक्रेटरी शरच्चंद्र आठल्ये याने मांडलं. शरद पहिल्या मजल्यावर राहतो. घरी आईपुढे मांजर, सभेत वाघ.

मी दाराशी बायकांत बसले होते, ती एकदम उभी राहिले. देवरुखाहून या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर आले, आमचे हे इथेच गेले. तेव्हापासून पाय फरशीला लागतात, जिन्याला लागतात, डांबराला लागतात. मातीला म्हणून लागत नाहीत. कुंडीतली तुळस नि मी, दोघींची गत एक. पण हे सभेत कसं सांगणार? म्हटलं, "तिथे मी भाजी लावते."

सगळे हसले. शरद म्हणाला, "काकू, गेल्या साली मी टोमॅटो लावले होते, आठवतं ना? डीडीटी मारली तरी किडीने फडशा पाडला."

"कीड कुठे मेली रे तुझ्या पावडरीने? झाडं मेली. आणि तुमची मांजर तीन दिवस भिंतीला धरून चालत होती."

"मग तुम्ही दाखवा ना लावून! पावडरीशिवाय!"

"दाखवते," म्हटलं, आणि जीभ चावली. पण जीभ चावल्याने शब्द परत येत नाही. ठरलं असं, की कार्तिकी होईस्तो तुकडा माझा. मग सभेत मतं घ्यायची, मळा की कोबा.

आता पंचाईत बघा. टोमॅटो म्हणजे आमच्याकडचं वेलवांगं, आणि वांगं ते वांगंच. म्हणजे मी पिकवायचं, पण कार्तिकीपर्यंत तोंडात घालायचं नाही. देवळातल्या गुरुजींना विचारलं. म्हणाले, लावायला दोष नाही, खायला आहे. शास्त्रात सगळ्याची सोय असते, विचारणारा तेवढा हवा.

आषाढ वद्य तृतीया

खोक्यात बी टाकलं.

मी शाळेत गेले नाही. अक्षरं शिकले ती वाण्याच्या पुडीच्या कागदांवरून. गूळ सोडवायचा नि कागद वाचायचा. त्यामुळे माझं ज्ञान तुटक आहे, पण गोड आहे. त्या ज्ञानाने मी टोमॅटोचा विचार केला. बाळंतिणीला शेवग्याचा पाला देतात, तर माय नि लेकरू दोघंही बाळसं धरतात. मग झाडाने काय पाप केलंय? म्हणून वाढीसाठी शेवग्याच्या कोवळ्या पाल्याचा रस, भरपूर पाणी घालून. आता कीड. आपण धान्यात कडुलिंबाचा पाला घालतो, तो काही पोरकिड्यांना आवडतो म्हणून नव्हे. तेव्हा कडुलिंब वाटून गोमूत्रात भिजत घालायचा. जोडीला मिरची नि लसूण, कारण जे माणसाच्या डोळ्यांतून पाणी काढतं ते अळीला सोडणार आहे थोडंच! पानाला चिकटून राहावं म्हणून रिठ्याचं पाणी.

घोडं अडलं ते लसणीवर. मी तिला हात लावणार नाही आणि घरात येऊ देणार नाही. उत्तरा म्हणाली, "आई, मी करीन की काढा. खाली, पत्र्याच्या खोलीत." बिल्डिंग बांधताना सिमेंट ठेवायला केलेली ती खोली मागे तशीच पडून आहे. "तिथे जुना स्टोव्ह नेऊ, एक पाटा नेऊ. लसूण जिना चढणारच नाही."

माझे डोळे भरून आले. व्रत माझं आणि काळजी हिला!

नंदू ऑफिसातून येताना लसूण घेऊन आला, पिशवी भरून. म्हटलं, "अरे, बी अजून रुजलं नाही." तर म्हणतो, "आई, कीड काय सांगून येते?"

श्रावण शुद्ध पंचमी

नागपंचमी. आज खणणं नाही, चिरणं नाही, चुलीवर तवा नाही. आणि खालच्या खोलीतून फोडणीचा खमंग वास. गॅलरीतून हाक मारली, "उत्तरा, अगं आज काय?"

"काढा, आई! लसूण तेलात परतली की अंगी लागते!"

"कोणाच्या?"

"झाडांच्या!"

हे पुडीच्या कागदावर कधी वाचनात आलं नव्हतं. इंटर सायन्स वाया गेलं नाही म्हणायचं. शिवाय तिने परतायला कढई घेतली होती, तवा नव्हे. नेम पाळला पोरीने.

श्रावण वद्य द्वितीया

रोपं लावली. चपला काढून वाफ्यात उभी राहिले. बोटांच्या बेचक्यांतून गार माती वर आली. कोणी बघत नव्हतं, म्हणून जरा वेळ तशीच उभी राहिले, बगळ्यासारखी.

मग उत्साहाच्या भरात ऐन दुपारी काढा शिंपडला. भिंती रंगवायचा कुंचा घेतला होता. पाऊस उघडलेला, ऊन कडक. तासाभरात पानांवर डाग पडले, कडा करपल्या. शरद खिडकीतून म्हणाला, "काकू, अळ्यांची वाट लागायची ती झाडांची लागली!" चांगलं लागलं मनाला. म्हटलं, उन्हातून आलेल्या माणसाच्या डोक्यावर आपण कढण ओततो का? मग झाडाच्या का ओतलं? आता ऊन कलल्यावर, तेही पातळ करून, आणि फक्त पानांच्या खालच्या अंगाला. मावा तिथेच दडून बसतो, भाडं चुकवणाऱ्या बिऱ्हाडकरूसारखा.

लसूण संपली म्हणाली उत्तरा. इतक्यात? रोपं एवढीशी, आणि लसूण खातात एवढी!

श्रावण वद्य दशमी

वरच्या मजल्यावरची अनुपमा काढ्याच्या कामाला येऊ लागली आहे. तिच्या सासूबाई चातुर्मासात माझ्याही वर ताण. मीठसुद्धा एक वेळ सोडतात. तिचा नवराही येतो. नंदू तर ऑफिसातून आला की बूट न काढता खाली पळतो. ज्याला कुंडीला पाणी घाल म्हटलं तर कंबर धरायची, तो आता विचारतो, "आई, आज काढा आहे ना? रोज हवा हं, खंड पडता कामा नये."

आज मी न सांगता खाली गेले. चौघंजण स्टोव्हभोवती मांडी घालून बसलेली. प्रत्येकाच्या हातात ज्वारीची भाकरी, भाकरीवर लाल काढा थापलेला, तेलाचा ओघळ मनगटापर्यंत. मला बघून सगळी दगडासारखी झाली. अनुपमाच्या नवऱ्याला तर उचकीच लागली.

"हे काय गं?"

उत्तरा पटकन म्हणाली, "आई, काढा पानाला कितपत चिकटतो ते बघतोय. भाकरी म्हणजे पान समजायचं."

"आणि चावायचं कशाला?"

"अळी चावते ना पान! तिला कसं लागेल ते कळायला नको?"

खरं आहे. मी हे प्रयोग करायचे म्हटले तर माझं व्रत मोडतं. म्हणून पोरं माझ्यासाठी स्वतःच्या जिभेवर करताहेत. नंदूच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं. विचारलं, "फार जहाल आहे का रे?"

म्हणाला, "झकास आहे गं आई. म्हणजे, अळीची धडगत नाही."

भाद्रपद शुद्ध दशमी

गौरी-गणपती आटोपले. झाडं गुडघ्याच्या वर गेली, फुलं धरली. शेवग्याने काम केलं, यात शंका नाही. खोड अंगठ्याएवढं.

पण खरी बातमी वेगळीच. शरद परवा पत्र्याच्या खोलीत गेला होता. "सोसायटीच्या मालमत्तेत विनापरवाना स्टोव्ह पेटतो, मला पाहणी करणं भाग आहे," असं सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणून गेला. मी वाफ्यातच होते. आता भांडण होणार म्हणून कान देऊन उभी राहिले. आधी त्याचा आवाज चढला, मग उतरला, मग आलाच नाही. पाणी भरून झालं तरी पाहणी चालूच. शेवटी बाहेर आला तो कपाळाचा घाम पुसत.

"काकू, तुमच्या काढ्यात दम आहे."

"मग ती पावडर?"

"सोडली! परकी विद्या ती. आपल्या पूर्वजांनी जे जाणलं होतं..." इथून पुढे तो बराच वेळ पूर्वजांवर बोलला. मी म्हटलं, पूर्वज कुठे पळत नाहीत, ही बादली धर. धरली! गोमूत्राची!

ज्याच्या आईच्या फडताळात आषाढीला गेलेली लसूण कार्तिकीनंतरच दिसते, त्या घरातला हा मुलगा. संस्कार कुठे जातात?

आणखी एक पाहिलं. हल्ली बिल्डिंगमध्ये ज्याला त्याला वेलदोडा चघळायची सवय लागली आहे. जिन्यात भेटेल तो तोंड मिटून नमस्कार करतो आणि खिशातून वेलदोडा काढतो. पचनाला चांगला असतो. माझं बघून माणसं प्रकृतीची काळजी घ्यायला लागली.

भाद्रपद शुद्ध त्रयोदशी

मनात एक शंका होती. लसणीचा काढा शिंपडलेल्या झाडांना माझा हात लागतो, तर व्रताला बाध येतो का? गुरुजींना बोलावलं. म्हणाले, प्रत्यक्ष द्रव्य पाहिल्याशिवाय निर्णय देता येत नाही. मी वर थांबले, ते खोलीत गेले. चांगले तासभर निर्णय घेत होते. बाहेर आले ते प्रसन्न.

"बाई, काही बाध नाही. झाडाला व्रत नसतं. मात्र द्रव्य रोज तपासत राहिलं पाहिजे."

रोज येतो म्हणाले. दक्षिणा नको म्हणाले. अशी निःस्पृह माणसं आता राहिली नाहीत. जाताना उत्तराकडून वेलदोडा मागून घेतला.

भाद्रपद वद्य नवमी

आज लिहायचं जिवावर आलं आहे.

अळी पडली. हिरवी, बोटभर, फळाच्या देठाशी भोक पाडून आत जाते आणि शेपूट बाहेर ठेवते, जणू आपल्याच घरात शिरली आहे. पहिली टपोरी फळं गेली. काही झाडांची पानं मुरडून द्रोणासारखी झाली. गेला महिनाभर रोज काढा होतोय, कुंचा मी स्वतः मारतेय, आणि तरीही! एवढी लसूण गेली कुठे, असं क्षणभर मनात आलं. अळ्यांच्याच पोटात, दुसरं काय.

उत्तराला विचारलं, "काढ्यात काही उणं पडतंय का गं?" तिचा चेहरा पडला. म्हणाली, "आई, उद्यापासून मी जास्त घालीन. नक्की घालीन." गुणी पोर, उगाच स्वतःला दोष लावून घेते. म्हटलं, "अगं, तू जेवढं ओतलंस तेवढं कोणी ओतलं नसेल." तर पदर डोळ्यांना लावून आत गेली.

मळा गेला तर? हसतील ते हसू देत. हसण्याने माणूस मरत नाही. पण पुन्हा दुसरा मजला, गॅलरी, आणि खाली पांढरं फूल टोलवणारी मोठमोठी माणसं. मला वाटलं होतं, जाईपर्यंत तरी रोज जमिनीवर उभी राहीन.

भाद्रपद वद्य द्वादशी

रडून अळी मरत नाही. उजाडता उजाडता खाली गेले. अळ्या एक एक करून वेचल्या, राखेच्या डब्यात टाकल्या. मुरडलेली झाडं मुळासकट उपटली नि लांब नेऊन जाळली. एका घरात देवी आल्या की दुसऱ्या घराने काय करायचं ते आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. पोकळ वाटली ती फळं तोडली. मग माझ्या हाताने कडुलिंब वाटला, तीन दिवस मुरलेलं गोमूत्र गाळून घातलं, रिठा घातला. मिरचीही. लसूण नाही, कारण हात माझा.

थोड्या वेळाने उत्तरा खाली आली. शेजारी वाकून अळ्या वेचू लागली. टोमॅटोच्या पानांनी तिची बोटं हिरवी-काळी झाली. म्हटलं, "लिंबाने जाईल." म्हणाली, "राहू दे, आई."

आश्विन शुद्ध सप्तमी

अळी हटली! नवी पानं सरळ, फळं लिंबाएवढी. रोज सकाळी मी नि उत्तरा वेचतो, संध्याकाळी माझं कडुलिंबाचं पाणी. लसणीचा काढा पोरं वेगळा करतातच. तो आधीपासून मातीत मुरला असणार. त्याचा गुण आता दिसतो आहे. औषध जुनं झालं की लागू पडतं.

आश्विन वद्य प्रतिपदा

शरदने ओळखीतून शेतकी खात्यातले एक साहेब बोलावले. काळा चष्मा, पायांत कॅनव्हासचे बूट. बिल्डिंगभर बघे. साहेबांनी पानं उलटून पाहिली, फळं दाबून पाहिली, "फार छान, फार छान" म्हणाले. मी सगळी कृती सांगितली. शेवगा ऐकून मान डोलावली, कडुलिंब ऐकून लिहून घेतलं.

"आणि लसूण किती घालता?"

मी म्हटलं, "ते खातं आमच्या नंदूकडे."

नंदूने सांगितलं. खोटं बोलायची सवय नाही त्याला. साहेबांनी चष्मा काढला.

"आठवड्याला?"

"हो."

"एवढ्याशा तुकड्याला? अहो बाई, एवढ्या लसणीत इथपासून ठाण्यापर्यंतचे सगळे टोमॅटो फवारून होतील!"

माझा ऊर अभिमानाने भरून आला. सरकारी माणूस, पण मोकळेपणाने बोलला. म्हटलं, "साहेब, आम्ही झाडांना कमी पडू देत नाही."

मागे शरदला ठसका लागला. अनुपमाने त्याच्या पाठीत चांगला धपाटा घातला. साहेब एकदा शरदकडे, एकदा पत्र्याच्या खोलीकडे बघत राहिले. मग नाक वर करून जरा हुंगल्यासारखं केलं नि म्हणाले, "तो काढा मला बघायला मिळेल का?"

आत गेले. त्यांची मोटार दिवेलागणीला गेली. वहीत काय लिहिलं कोण जाणे, पण हात हलवताना बोटं लाल होती.

कार्तिक शुद्ध प्रतिपदा

पाडवा. आज पहिला टोमॅटो पूर्ण लाल झाला. देवापुढे ठेवला. देवाला चातुर्मास नाही. तो तर झोपलेलाच आहे. शेजारी मी बसले, वास घेतला. पानाचा वास उग्र, फळाचा गोड. खाल्ला नाही.

कार्तिक शुद्ध त्रयोदशी

काल द्वादशीला चातुर्मास सुटला. सकाळीच घरात लसूण आली, कांदे आले, नंदूने वांगी आणली तीही भरताची. दारादारांतून फोडण्या. उत्तराने चटणी केली, नंदूने ताट चाटूनपुसून खाल्लं.

संध्याकाळी मी खाली गेले. शेवग्याचा पाला निवडून ठेवला, वाट बघितली. कोणी आलं नाही. पत्र्याच्या खोलीला कडी. मला वाटलं, सणावाराने दमली असतील.

आजही कोणी नाही. जिन्यात अनुपमाचा नवरा भेटला. म्हटलं, "काय रे, काढ्याला येत नाहीस?" तो चपलेकडे बघत म्हणाला, "काकू, ऑफिसात फार काम वाढलंय हो." गुरुजी देवळात भेटले, म्हणाले द्रव्य आता तपासण्याची आवश्यकता उरली नाही. नंदू म्हणाला, "आई, झाडं मोठी झाली ना, आता त्यांची ती बघतील."

फळं लगडली आहेत, ओझ्याने काठ्या वाकल्या आहेत, आणि तोडायला मी नि उत्तरा.

माझं काय चुकलं? कोणाला वेडंवाकडं बोलले का? अळीच्या दिवसांत चिडचिड झाली असेल. पण एवढं प्रेम एका दिवसात आटतं? कार्तिकी झाली आणि जशी कोणी कळ फिरवली.

कार्तिक वद्य तृतीया

शरद मोजायची फीत घेऊन वाफ्यात उभा होता. नवी रॅकेट काखेत. म्हणाला, "काकू, प्रयोग झाला ना यशस्वी? आता समारोप करू या." समारोप म्हणे. माणसं मेल्यावर याच शब्दाने भाषण करतात. मी म्हटलं, "अरे, अजून निम्मी फळं हिरवी आहेत." म्हणाला, "हिरव्यांची चटणी छान होते ना काकू."

झोप नाही. झाडं जाणार हे दुःख एक. पण फळाने भरलेलं झाड उपटायचं, हे पाप कोणाच्या माथी? सकाळी देवळात आठल्येवहिनी भेटल्या, म्हणजे शरदची आई. अनुपमाच्या सासूबाई होत्या, बाकीच्याही आल्या. आम्ही म्हाताऱ्या ओट्यावर बसलो आणि या पापाचा विचार केला. विचार पक्का झाला.

कार्तिक वद्य पंचमी

सभा झाली. सगळं लिहून ठेवते, कारण उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

टेबलावर टोमॅटोची टोपली ठेवली होती. जो येईल तो एक उचलून मीठ लावून खात होता. शरद उठला. "काकूंच्या प्रयोगाबद्दल आपण टाळ्या वाजवू." टाळ्या. "आता कोब्याकडे वळू. चांगला गवंडी बघितला आहे. असा पक्का कोबा घालतो, की पंचवीस वर्षं तडा जायचा नाही. ज्यांचं मत कोब्याला, त्यांनी हात..."

हात निघालेच होते. माझ्या नंदूचासुद्धा खांद्यापर्यंत आला होता. ते बघितलं आणि उभी राहिले.

"माझी ना नाही," म्हटलं. "जागा सगळ्यांची आहे. फक्त एक सांगून ठेवते, म्हणजे मागून कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्यांनी परस्पर केलं. फळाला आलेली झाडं उपटायची म्हणजे भरल्या दिवसांच्या बाईला घराबाहेर काढण्यासारखं आहे. पाप सगळ्या बिल्डिंगचं. पण तुम्ही ऑफिसला जाणारी माणसं, तुम्ही ते कुठे फेडत बसणार? म्हणून आम्ही ते आमच्याकडे घेतलं आहे. बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्या सासवांनी देवापुढे ठरवलं. जोवर तिथे कोबा आहे, तोवर आमच्या घरांत चातुर्मास. कांदा नाही, लसूण नाही, वांगं नाही. बाराही महिने."

अर्धे वर आलेले हात खाली गेले.

शरद आईकडे वळला. आवाज अगदी बारीक. "आई, खरं?"

"माळेवर हात ठेवून बोललेय मी," आठल्येवहिनी म्हणाल्या.

मागून अनुपमाच्या नवऱ्याने विचारलं, "शरदराव, कोबा किती वर्षं टिकतो म्हणालात?"

शरद खुर्चीत बसला. कोणीतरी म्हणालं, "आणि ती पत्र्याची खोली?" "ती पाडावीच लागेल, जाळीचे खांब तिथे येतात," दुसरं कोणीतरी म्हणालं. मग शरद उठला, घसा साफ केला आणि म्हणाला, "मला वाटतं, आपण या प्रश्नाचा धार्मिक बाजूने विचारच केला नव्हता. मळ्याच्या बाजूने हात वर."

एकूण एक हात वर! विरोधात औषधालासुद्धा कोणी नाही. नंदूने तर दोन्ही हात वर केले. एका माणसाचं एकच मत, म्हणून अध्यक्षांनी एक खाली करायला लावला. दाराशी उत्तरा हसतही होती आणि डोळेही पुसत होती. मला मिठी मारली तिने, सगळ्यांसमोर.

मुंबईत धर्म उरला नाही म्हणतात. डोळ्यांनी बघावं त्यांनी. नुसतं पापाचं नाव काढलं, तर तरणीताठी पुरुषमाणसं घाबरून पांढरी पडली होती.

सभा संपल्यावर शरद जवळ आला. मला वाटलं, खेळ बुडाला म्हणून रागावला असेल.

"काकू, पुढच्या आषाढात काय लावणार?"

"वांगी लावीन म्हणते."

"आणि काढा? तो लागेल ना वांग्यांना?"

म्हटलं, "लागेल म्हणजे? वांग्याला कीड फार. दुप्पट करावा लागेल."

तो तिथेच वाकला आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. इतकी वर्षं या मुलाला मी उगाच नास्तिक समजत आले.